हो म्हणणारी आत्या

आत्याच्या लॅपटॉपच्या चार्जरवर मी खुर्ची ठेवली आणि त्या खुर्चीवर स्वतःला ठेवलं. खुर्ची एकटी असती तर वायरीनं ती सोसलीही असती. मी बसलो, आणि खालून कट्ट असा आवाज आला. उठून पाहिलं तर चार्जरची मान मोडलेली.

"दादा, तुम्ही भेटायला येता की मोडायला?" मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे दिवसभर आत्याला सांभाळायला येणाऱ्या बाई. गेल्या महिन्यात मी त्यांची किटली पाडली होती, ती त्या विसरलेल्या नव्हत्या.

आत्या काही बोलली नाही, कारण आत्याला बोलता येत नव्हतं. तिनं डाव्या हाताचं बोट हळूहळू लॅपटॉपच्या पडद्याकडे नेलं, एका चौकोनावर टेकवलं, आणि आतली गार आवाजाची बाई म्हणाली, "गाढव."

तो चौकोन ताईनं, म्हणजे आत्याच्या मुलीनं, मुद्दाम घातला होता. "आईचं बोलणं त्याच्याशिवाय पुरंच होत नाही," असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. पण तो शब्द आत्याच्या तोंडचा ऐकणं आणि त्या बाईच्या तोंडचा ऐकणं यात फरक होता. आत्या गाढव म्हणायची तेव्हा आपण तिच्याच गोठ्यातलं गाढव आहोत असं वाटायचं. ही बाई म्हणायची तेव्हा नुसती नोंद झाल्यासारखं वाटे.

आत्यानं सगळा जन्म कापड कापण्यात घालवला. शिवणारे पुष्कळ असतात, कापणारा एखादाच. मोठ्या दुकानात ती कटर होती. कोट, शाळेचे गणवेश, झगे, सगळं आधी तिच्या टेबलावरून जायचं. दुकान बंद पडलं तेव्हा ते टेबल ती घरी घेऊन आली आणि पुढच्या खोलीत मांडून बसली. टेबल इतकं लांब की खोलीत शिरणाऱ्याला भिंतीला पाठ घासत शिरावं लागे. कोपऱ्यात मापाचा पुतळा उभा असे. त्याला डोकं नव्हतं, हात नव्हते, पण छाती मात्र भरदार होती. लहानपणी मी त्याला घाबरून नमस्कार करायचो.

कापणाऱ्या माणसाचा स्वभाव कापणाराच होतो की काय कोण जाणे. आत्याचा आवडता शब्द एकच, नको. गिऱ्हाईक म्हणे, "बाह्या जरा सैल ठेवू या?" आत्या म्हणे, "नको." आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली, ताईचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली आणि दर खेपेला म्हणू लागली, "आई, आता चल माझ्याकडे." तिचं 'चल' अर्धं तोंडात असतानाच इकडून 'नको' येऊन धडकायचं. एकदा ताईनं वैतागून विचारलं, "आई, मी जन्मले तेव्हा तरी हो म्हणाली होतीस का?" त्यावर आत्या म्हणाली, "विचारलं कुणी होतं?"

मग एका सकाळी तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं मात्र होतं तसंच होतं, कात्रीसारखं. जावयाचा एक जुना लॅपटॉप होता, बोट लावून चालणाऱ्या पडद्याचा. ताईनं त्यावर चौकोनांची पाटी बसवून घेतली. वर सगळी अक्षरं, खाली रोजचे शब्द. डावीकडच्या कोपऱ्यात 'हो' आणि 'ये', उजवीकडे 'नको' आणि 'जा', मध्ये पाणी, दुखतंय आणि मी. म्हणजे गाढव. पडद्यावर माऊसचा पांढरा बाण असतो ना, तो आत्याचं बोट टेकेल तिथे उडी मारून जायचा, आणि ज्या चौकोनावर तो जरा थांबेल तो चौकोन बोलायचा. दाबायची गरज नव्हती, कारण आत्याचं बोट थरथरायचं. अशी आत्याची जीभ त्या बाणाच्या टोकावर येऊन बसली होती.

आणि तिला घास भरवणारा चार्जर मी बसून मोडला होता.

मी त्याच दिवशी नवा आणला. जुना जाडजूड, तीन पायांच्या प्लगचा होता. तसा मिळेना. फुटपाथवरच्या एकानं दोन पायांचा, हलकासा, खेळण्यातला वाटावा असा दिला. "चालेल ना?" मी विचारलं. "पळेल," तो म्हणाला.

पळाला खरा.

त्यानंतर आत्या बदलली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्याच आलं. डॉक्टर आले, म्हणाले, "व्यायाम करणार ना रोज?" लॅपटॉप म्हणाला, "हो." मावशींनी भीत भीत विचारलं, "उद्या मी जरा उशिरा आले तर चालेल?" "हो." दारात कुणी डोकावलं तर आतून आवाज येई, "ये." या घरात पाहुण्याला आजवर 'ये' असं कुणी म्हटलेलं नव्हतं. लोक उंबऱ्यावरच चपापत, मग आत येत, आणि बाहेर जाऊन सांगत, "आजारानं माणूस कसा मऊ होतो बघा."

मलाही बरं वाटलं. गोड बोलणाऱ्याची चौकशी कोण करतं? माणूस एकदम तुसडं वागू लागला तर आपण लगेच विचारतो, काय झालं? गोड वागू लागला की म्हणतो, सुधारला.

एक मात्र मला खटकायचं. लोक आता बोलताना आत्याकडे बघतच नसत. खुर्चीत बसलेल्या बाईला ओलांडून ते सरळ पडद्याशी बोलत. "काय, बरं आहे ना?" पडदा म्हणे, "हो." मग ते पडद्याकडे बघून हसत. आत्या त्या दोघांच्या मध्ये बसलेली असे, बंद काचेमागे बसल्यासारखी. एका खोलीत दोन आत्या झाल्या होत्या. एक होती ती गप्प होती. दुसरी नव्हती, आणि तीच सगळ्यांची लाडकी झाली होती.

अशात ताई आली. आत्याच्या पायाशी खाली बसली, तिच्या लुळ्या हातावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांचं पालुपद नव्यानं म्हटलं, "आई, चल ना गं माझ्याकडे." मी खिडकीशी चहा पीत होतो. मनातल्या मनात मी 'नको' म्हणूनही टाकलं होतं. पडद्यावरचा बाण थरथरला, घसरत घसरत डावीकडच्या कोपऱ्यात गेला आणि थांबला.

"हो."

ताईनं आत्याच्या मांडीत डोकं घातलं आणि ती हमसून हमसून रडली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मी चहा गिळायचा सोडून हुंदका गिळला. पण त्या क्षणी आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. आत्याचा हात कुठे होता ते कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर ठरलं. घरमालकाला कळवलं. रविवारी सामानाची गाडी सांगितली. टेबल ताईच्या घराच्या दारातून जाणं शक्य नव्हतं, त्याला गिऱ्हाईक शोधलं. ताई तयारीला परत गेली. खोकी बांधायचं काम माझ्याकडे आलं. खोकी बांधताना मोडण्यासारखं काही नसतं, असा ताईचा समज.

शुक्रवारी दुपारी मी गेलो तर मावशी जिन्यात बसलेल्या.

"इथं का बसलात?"

"मी आत जायची नाही. आत बाई आहे."

"आत्या?"

"आत्याबाई तर न्हाणीघरात आहेत. त्यांना स्टुलावर बसवून मी टॉवेल घ्यायला पुढच्या खोलीत गेले. खोलीत कोणी नाही. आणि ती मला म्हणाली, 'ये.'"

"कोण म्हणाली?"

"ती. मी थबकले तर पुन्हा म्हणाली, 'ये. ये.' म्हणून टॉवेल तसाच राहिला."

"अहो, म्हणजे आत्या तिकडे ओलीच बसलीय?"

मावशींची जीभ दातांखाली गेली आणि त्या धावल्या, पण पुढच्या खोलीकडे मान न वळवता. मी आत शिरलो. खोलीत अर्धी भरलेली खोकी होती. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. पुतळ्यावर चादर टाकलेली, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा जास्तच माणसासारखा दिसत होता. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पांढरा बाण पडद्याच्या मधोमध शांत उभा होता. मी बघत राहिलो. बाण हलला. कुणाचंही बोट नसताना तो खाली निघाला. मध्येच थांबे, थरथरे, पुन्हा निघे. अगदी आत्याच्या बोटासारखाच. आतून कुणीतरी तसंच थरथरतं बोट टेकवत असावं असं वाटलं. तो कोपऱ्यात पोचला.

"हो," ती म्हणाली.

मी काही विचारलेलंच नव्हतं. घर खायला उठतं असं म्हणतात. हे घर खायला उठलं नव्हतं, उलट आग्रह करत होतं, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

खात्री पटली ती तासाभरानं. आत्याला कोरडी करून, शाल पांघरून खुर्चीत बसवलं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "आता तुम्ही जाणारच, तर ती मोठी कात्री मला देता का?" त्यांनी पडद्याला विचारलं. "मुलाच्या प्रोजेक्टला पुठ्ठे कापायचेत."

कापडाची कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, आणि तिला कागद तर दाखवायचाही नसतो. धार जाते ती जातेच, पण आपल्या हाताचं वळणही जातं, असं आत्या म्हणायची. लहानपणी मी त्या कात्रीनं पतंग कापला होता तेव्हा तिनं माझे केस त्याच कात्रीनं कापले होते. पुठ्ठा!

या वेळी मी आत्याकडे बघत होतो. दोन्ही हात शालीखाली होते. बोट हललंसुद्धा नाही. हलले ते फक्त डोळे. ते कात्रीकडे गेले, मग माझ्याकडे आले आणि माझ्यावरच थांबले.

"हो," पडदा म्हणाला.

काकूंच्या हातातून मी कात्री अक्षरशः ओढून घेतली. "अहो, त्या स्वतः हो म्हणाल्या," काकू रागावल्या. मी म्हटलं, "त्या म्हणाल्याच नाहीत." "मग कोण म्हणालं?" मी कात्री पाठीमागे धरली. काकू गेल्या. कात्री एक वेळ परत घेता येते, पण ताईला दिलेला तो 'हो' कुणाचा होता? रविवारी गाडी येणार होती. एका बाईचं अख्खं घर एका बाणाच्या थरथरण्यावर खोक्यांत भरलं जात होतं, आणि भरत होतो मी.

मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. आधी बंद करून सुरू केला, हा सगळ्या यंत्रांवरचा पहिला काढा. बाण पुन्हा निघाला. माऊस जोडलेला होता तो उपटून काढला. बाण निघालाच. बोट फिरवायची खालची पट्टी बंद केली. पडदा कोरड्या फडक्यानं पुसला. पडद्याला बोटांची ओळख नव्यानं करून द्यायची एक सोय असते, तीही केली. कोपऱ्याकोपऱ्यात खुणा येतात आणि आपण बोट लावत जायचं. मी उजवीकडच्या खुणेला बोट लावत होतो आणि डावीकडे कुणी दुसरंच लावत होतं.

"काय म्हणते?" मावशींनी दारातूनच विचारलं.

"काही नाही. मी स्पर्शच बंद करून बघतो."

आतल्या भागांच्या यादीत पडद्याचा स्पर्श सापडला. तो बंद केला. बाण जागच्या जागी मेला. मी पाच मिनिटं श्वास धरून बघत बसलो, बाण अगदी गार पडला होता. "झालं, आत्या!" मी म्हणालो आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

आत्यानं बोट टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. मग नख रोवलं. मग अख्खा तळवा काचेवर ठेवला आणि दाबत राहिली, बंद दारावर हात ठेवावा तसा. माऊस परत जोडून हातात दिला तर बोटांना तो धरवेना, घरंगळून खाली पडला. भूत गेलं होतं खरं, पण जाताना आत्यालाही बरोबर घेऊन गेलं होतं. मी घाईघाईनं स्पर्श पुन्हा चालू केला. बाण जागा झाला, थरथरला, "ये" म्हणाला. मावशी पुन्हा जिन्यात.

मी नुसता लॅपटॉप काखोटीला मारून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे तो साध्वीसारखा वागला. डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरतो, तसं. दुकानदारानं तो उलटासुलटा केला, बोटं फिरवली, बाण निमूट बोटामागे चालला. "यात काही नाही साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, "घरी एकटाच चालतो." त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "पडदा जुना आहे. नवा मिळणार नाही. नाहीतर स्पर्श बंद करून टाका." तो शहाणपणा मी आधीच करून बसलो होतो.

परत आलो. लॅपटॉप टेबलावर ठेवला. बाण शांत होता. मी चार्जर लावला. बाण शहारला आणि कोपऱ्याकडे निघाला.

मी चार्जर काढला. बाण थांबला.

लावला, निघाला. काढला, थांबला.

त्या दोन पायांच्या खेळण्यातून वीज कुठेतरी झिरपत होती, आणि पडद्याला ती कुणाचं तरी बोट वाटत होती. फुटपाथवरनं मीच भूत विकत आणलं होतं, आणि हातानं खोचून घरात सोडलं होतं. मला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. भूत सापडलं म्हणून त्यानं बोललेलं थोडंच परत घेता येणार होतं?

चार्जर काढलेला होता. बॅटरी म्हातारी, चहा गाळून गार होईपर्यंत जेमतेम टिकायची. जे काही विचारायचं ते तेवढ्यात विचारायला हवं होतं. मी खुर्ची ओढली, यावेळी खाली बघून ओढली, आणि आत्याच्या समोर बसलो. पडद्याकडे बघायचं नाही, बोटाकडे बघायचं, असं स्वतःला बजावलं.

"आत्या, आता आत दुसरं कुणी नाही. फक्त तूच आहेस. ताईला हो म्हणालीस, ते तूच म्हणालीस ना?"

बोट शालीतून बाहेर आलं. हवेत थांबलं. उजवीकडे गेलं, टेकलं.

"नको."

पाटीवर 'नाही' नव्हतं. इतकी वर्षं 'नको'वरच भागत आलं होतं. मला कळायचं ते कळलं. मी फोन काढला. "थांब, आता ताईला सांगतो. गाडी रद्द. घरमालकालाही मी बघतो. टेबल कुठे जात नाही. तू मुळीच काळजी..."

"गाढव."

मी थांबलो. बोट आता वर अक्षरांकडे गेलं. एकेका अक्षराला ते आधी थरथरत, मग चुकत, मग परत येत होतं. मध्येच मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्या 'ये'नंतर पहिल्यांदाच आत आल्या. लॅपटॉपमधली बाई गार आवाजात म्हणाली, "जायचंय."

"जायचंय? ताईकडे?"

"हो."

हे 'हो' मी बोटातून येताना पाहिलं. मधल्या काळात ऐकलेल्या सगळ्या 'हो'पेक्षा ते वेगळं नव्हतं. तोच आवाज, तोच कोपरा. पण बोट तिथवर जाताना वाटेत इतकं अडखळलं होतं की एखाद्यानं जड खोकं उचलून ठेवावं तसं वाटलं. आत्याच्या कपाळावर घाम होता.

"अगं, पण हे काय गौडबंगाल? त्या दिवशीचं हो तुझं नव्हतं, आणि जायचंही आहे तुला?" माझा आवाज चढला. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. "भुतानं उत्तर दिलं आणि तू ऐकत बसलीस? दुसऱ्या दिवशी खोडून काढता आलं नसतं तुला? नको म्हणायचा तर जन्माचा सराव! आणि जायचंच होतं तर इतकी वर्षं ती पोरगी विचारून विचारून थकली, तेव्हा स्वतः का नाही हो म्हणालीस?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तशी ती गिऱ्हाईकाकडे बघायची, चुकीचं माप सांगणाऱ्या. मग बोट उचललं, आणि पडदा मंद होत असताना, अक्षरामागून अक्षर लावत, तिनं वाक्य पुरं केलं.

"माझ्या तोंडून निघालं नसतं."